किल्ली हरवली, तर आधी खिसा तपासा



या सदरात आपण नेहमी रेशनकार्ड, जातपडताळणी, मुलांची शिष्यवृत्ती, प्रॉव्हिडंट फंड अशा कामांविषयी बोलतो. आजचा विषय त्यामानाने अगदी लहान वाटेल. मोटारसायकलची किल्ली हरवली तर काय करावे? पण आज आपल्या घराघरांत गाडी आली आहे. पोरगा तिच्यावर एमआयडीसीत कामाला जातो, नातीला शाळेत सोडायचे असते, म्हातारीला सिव्हिलला न्यायचे असते. बोटभर लांबीची किल्ली हरवली की सगळे घर जागच्या जागी थांबते. माझ्यावर ही वेळ आली, आणि त्यात माझी जी चूक झाली ती किल्लीपेक्षा मोठी होती. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

गोष्ट गेल्या वर्षीच्या वर्षावासातली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आपण वर्षानुवर्षे वाचतो, तरी दरवेळी नवे काहीतरी हाती लागते. त्या रविवारी वाचन झाले, वंदना झाली, महिला मंडळाने चहा दिला. साडेनऊच्या सुमारास मी बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलो आणि खिशात हात घातला, तर किल्ली नाही!

झब्ब्याचे दोन्ही खिसे पाहिले. पँटचे पाहिले. पावतीपुस्तकाची पिशवी उलटी केली. चपलांच्या ढिगात पाहिले. मोबाईलच्या उजेडात गटाराच्या कडेपर्यंत पाहिले. किल्लीला जयंतीच्या स्टॉलवर घेतलेले धम्मचक्राचे पितळी किचेन होते, म्हणजे दिसायला बारीक वस्तू नव्हे. दहा-बारा माणसे शोधायला लागली. किल्ली काही सापडली नाही.

आमच्या विहारात तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा यायचा. आमच्या समाजाचा नव्हे, सेटलमेंटकडचा. आमच्याच एका पोराचा दोस्त म्हणून आला आणि येतच राहिला. वाचनाला मागे बसायचा. कार्यक्रम संपला की कुणी न सांगता जाजम गुंडाळायचा, माईक उतरवायचा, वायर गोळा करून पेटीत ठेवायचा. त्या रात्रीही त्याने जाजम गुंडाळून माळ्यावर टाकले होते.

शोधाशोध चालू असताना एक ज्येष्ठ काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “भाऊ, तुम्ही बसला होता तिथलं जाजम कुणी उचललं? त्या पोराला विचारा की ओ. सेटलमेंटकडचं आहे ते.”

मी काय केले? काकांना गप्प केले का? नाही. मुलाला सरळ जाऊन विचारले का? तेही नाही. मी फक्त त्या मुलाकडे पाहिले. माझ्याबरोबर आणखी चार-पाच जणांनी पाहिले. तो पोरगा तेव्हा खाली वाकून चपलांमध्ये माझीच किल्ली शोधत होता. त्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिले, आणि पुन्हा खाली वाकला. थोड्या वेळाने तो दिसेनासा झाला. गाडीचे हँडल लॉक होते, त्यामुळे ती तिथेच ठेवून मी पायी घरी आलो.

आता गाडीचे सांगतो. गाडी मी दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली होती. घेताना एकच किल्ली मिळाली. “दुसरी पहिल्यापासूनच नाही,” असे विकणारा म्हणाला आणि मी मान डोलावली. हातात किल्ली असताना दुसरी करून घ्यायला किती लागतात? मला नंतर कळले, ऐंशी रुपये! ऐंशी रुपयांचे काम मी दोन वर्षे ढकलत होतो. दुसऱ्यांचे अर्ज वेळेत भरून देणारा मी, स्वतःच्या बाबतीत असा!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसणाऱ्या किल्लीवाल्या सरदारजींकडे गेलो. साठीचे गृहस्थ. समोर लाकडी पेटी, तारेत ओवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या, कानशी, छोटा शेगडा. मी म्हणालो, “सरदारजी, किल्ली हरवली आहे, गाडी विहाराजवळ उभी आहे, जरा चला.” ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, “पहिले कागद दाखवा. आरसी कुणाच्या नावावर आहे? आणि तुमचं आधार.”

मला राग आला. गावात वीस वर्षे लोक मला ओळखतात, आणि हा माणूस माझ्याकडे कागद मागतो? मी म्हणालो, “मी काय चोर दिसतो का?”

ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही नाही दिसत साहेब. पण गाडी उद्या चोरीची निघाली, तर पोलीस पहिले मला उचलणार. आमच्या बापाला पण असंच उचलायचे.”

मी मोबाईलमधला डिजिलॉकर उघडला. २०१८ पासून डिजिलॉकरमधील आरसी आणि लायसन मूळ कागदाप्रमाणेच ग्राह्य धरण्याच्या सूचना केंद्र सरकारने दिल्या आहेत, हे मीच लोकांना सांगत असतो. त्यांनी आरसीवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळवून पाहिले, वहीत गाडीचा एमएच १३ चा नंबर लिहिला, माझी सही घेतली आणि मग पेटी उचलली. वाचकहो, कागद न पाहता जो किल्ली करून देतो तो किल्लीवाला तुमच्या सोयीचा नाही, कारण तो चोरालाही तितक्याच सहज करून देईल. कागद मागणारा माणूस आपला अपमान करत नसतो. तो आपल्या गाडीची राखण करत असतो.

सरदारजींची विद्या पाहण्यासारखी होती. गाडीच्या कुलपात आत पातळ पितळी पत्त्या असतात आणि प्रत्येक पत्तीला बारीक स्प्रिंग असते. बरोबर किल्ली आत गेली की तिच्या खाचांप्रमाणे सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि मधला गोळा फिरतो. एक जरी पत्ती वर-खाली राहिली तरी फिरत नाही. त्यांनी माझ्या गाडीच्या जातीची कोरी किल्ली निवडली, कानशीने घासून गुळगुळीत केली, कुलपात घालून दाब देऊन हलवली आणि बाहेर काढून उन्हात धरली. पत्त्यांनी पितळेवर सुईच्या टोकाएवढे ठसे उमटवले होते. ठसे होते तिथेच त्यांनी घासले. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा उन्हात. पंचवीस मिनिटांत कुलूप फिरले. हँडल सुटले. पेट्रोलच्या टाकीचे झाकणही त्याच किल्लीने उघडले. तीनशे रुपये झाले. मी लगेच तिच्यावरून दुसरी किल्ली करून घेतली. तिचे ऐंशी.

काम चालू असताना मी त्यांना त्यांच्या घराण्याचे विचारले. ते शिकलगार शीख. शिकल करणे म्हणजे हत्याराला धार आणि झिलई देणे. गुरू गोविंदसिंगांच्या फौजेसाठी हत्यारे घडवणारे हे लोक. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला आणि हत्यार घडवणाऱ्यांचा धंदा कायद्याच्या कचाट्यात सापडला. मग हेच कसबी हात बादल्या, कढया, कुलपे आणि किल्ल्यांकडे वळले. ज्याला कुलूप उघडता येते त्याच्यावर पहिला संशय, ही शिक्षा मात्र त्यांच्या पाठीला कायमची लागली. सरदारजी हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. कानस चालवता चालवता सांगत होते.

आता या अनुभवातून जे शिकलो ते तुमच्यासाठी क्रमाने लिहितो. कात्रण काढून ठेवावे.

पहिली गोष्ट, नवी गाडी घेताना दोन किल्ल्या मिळतात. बऱ्याच गाड्यांना किल्लीबरोबर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर किल्लीचा नंबर असतो. आपण ती पट्टी किल्लीलाच लटकवून फिरतो, किंवा कचरा म्हणून टाकून देतो. तसे करू नका. तो नंबर घरच्या वहीत लिहा आणि पट्टी कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. हा नंबर असेल तर कंपनीच्या अधिकृत दुकानातून किल्ली मागवणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट, दुसरी किल्ली गाडीच्याच साइडच्या डब्यात ठेवू नका. हसू नका, असे ठेवणारे मी पाहिले आहेत! ती घरात ठेवा आणि कुठे ठेवली हे घरातल्या बाईला माहीत असू द्या. पुष्कळ घरांत गाडीची किल्ली पुरुषाच्या खिशात आणि कागद पुरुषाच्या कपाटात असतात. रात्री-अपरात्री लेकराला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि घरचा माणूस रात्रपाळीला असला, तर ती माउली कुठे शोधणार?

तिसरी गोष्ट, जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागा. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्या. एकच किल्ली मिळत असेल तर दुसरी कुणाकडे आहे हे कोण सांगणार? अशा वेळी जमत असेल तर पूर्ण लॉकसेटच बदलावा. त्यात इग्निशनचे कुलूप, टाकीचे झाकण आणि बाजूचे कुलूप असे सगळे येते. खर्च होतो, पण झोप शांत लागते. गाडी दुसऱ्याच्याच नावावर राहिली, तर कागद मागणाऱ्या प्रामाणिक किल्लीवाल्यापुढे तुम्ही काय दाखवणार?

चौथी गोष्ट विम्याची. निव्वळ थर्ड पार्टी विमा असेल तर गाडी चोरीला गेल्यास तुम्हाला काहीच मिळत नाही. चोरीची भरपाई देणारा विमा असेल, तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. एकच दिली की प्रश्न सुरू होतात. दुसरी गाडीलाच लावून ठेवली होती का? म्हणून किल्ली हरवली की पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करा, तिची प्रत जपून ठेवा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. नवी किल्ली केल्याची पावती त्याच पिशवीत टाका. कागदाला कागद जोडलेला असला की गरिबाचे म्हणणे टेबलावर टिकते.

पाचवी गोष्ट, किल्ली नाही म्हणून हँडलला हिसके देऊन लॉक तोडू नका, आणि वायरी जोडून गाडी ‘डायरेक्ट’ करणाऱ्या पोरांच्या हाती देऊ नका. तीनशेचे काम तीन हजारांवर जाते. वायरी जळतात ते वेगळेच. किल्ली झिजली असेल, कुलपात अडकत असेल, तर ती मोडायची वाट पाहू नका. कमी वापरलेल्या मूळ किल्लीवरून नवी करून घ्या. झिजलेल्या किल्लीची नक्कलही झिजलेलीच होते. कुलूप घट्ट झाले तर गोडेतेल सोडू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची थोडी पूड घाला.

सहावी गोष्ट, किचेनवर घरचा पत्ता किंवा गाडीचा नंबर लिहू नका. सापडणारा भला असला तर मोबाईल नंबर पुरेसा आहे. भला नसला तर पत्ता म्हणजे घराची वाट दाखवणे आहे. चारचाकीच्या आणि काही महागड्या दुचाकींच्या किल्लीत आता चिप असते, आणि काही नव्या स्कूटरना तर किल्लीचे भोकच नाही, खिशातल्या यंत्रावर त्या चालतात. अशी किल्ली हरवली तर नुसत्या कानशीने भागत नाही. गाडीचे कागद घेऊन अधिकृत दुकानातच जावे लागते. म्हणून ती घेतानाच दुसरीची व्यवस्था पाहावी.

एवढे झाले आणि माझ्या मते विषय संपला. गाडी चालू झाली, मी कामाला लागलो. त्या मुलाचा विचार माझ्या मनात आला नाही, हे इथे मान्य केले पाहिजे.

पुढचा रविवार आला. वाचनाच्या आधी महिला मंडळाच्या भगिनींनी माळ्यावरचे जाजम खाली काढले आणि दारात नेऊन झटकले. फरशीवर काहीतरी खणकन पडले. एक मावशी ओरडल्या, “भाऊ, ही किल्ली कुणाची ओ?” धम्मचक्राचे पितळी किचेन होते. मांडी घालून बसताना झब्ब्याच्या खिशातून घसरून ती जाजमावर पडली असणार. जाजम गुंडाळले गेले आणि किल्ली आठ दिवस माळ्यावर निवांत झोपली. दहा-बारा माणसांनी गटारापर्यंत शोधले, पण जाजम उलगडून पाहावे हे कुणालाच सुचले नाही. सुचणार कसे? आम्हाला चोर सापडला होता ना!

त्या दिवशी मागे पाहिले. तो मुलगा आला नव्हता. जाजम मलाच अंथरावे लागले.

बंधूंनो, सोलापुरात आपण ‘सेटलमेंट’ हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो. रिक्षावाल्याला सांगतो, चला सेटलमेंटला. हे नाव आले कुठून? इंग्रज सरकारने १८७१ साली ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. १९११ साली तो मुंबई इलाख्याला लागू होईल असा वाढवला आणि १९२४ साली पुन्हा नवा केला. एखादी जात सरकारी यादीत गेली की त्या जातीत जन्मलेला प्रत्येक जण गुन्हेगार! आपल्या सोलापुरात कैकाडी, पारधी, टकारी, भामटा अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून ठेवली. तीच ही सेटलमेंट. हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते, ते या कुंपणातून मिळाले. ज्या गिरण्यांचा भोंगा आपल्या आजोबांना उठवत होता, त्याच भोंग्यावर तेही उठत होते. फरक इतकाच की आपल्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवले होते आणि त्यांना तारेच्या आत.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुना संशय नव्या कागदावर चालू राहिला. अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना जन्मतः सराईत समजणाऱ्या तरतुदींवरही त्या निकालात कोरडे ओढले आहेत. म्हणजे कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली तरी तो संशय सरकारी पुस्तकांतून गेला नव्हता. माझ्या मनातून तरी कुठे गेला होता?

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन समाजांची नावे एकत्र घेतली आहेत. गुन्हेगार ठरवलेल्या जमाती अंदाजे दोन कोटी, आदिवासी दीड कोटी आणि अस्पृश्य पाच कोटी. ज्या संस्कृतीने इतक्या माणसांना असे जिणे दिले तिला संस्कृती तरी कसे म्हणायचे, असा त्यांचा सवाल आहे. त्यांनी आपले दुःख वेगळे काढून मांडले नाही. ते तिघांना एका ओळीत उभे करतात, आणि आम्ही त्यांचा ग्रंथ मांडीवर घेऊन बसलेले लोक त्यातल्याच एका पोराकडे चोर म्हणून पाहतो!

आणि ग्रंथ तरी काय सांगतो? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेचे प्रकरण आहे. अंगुलिमाल तर खरोखरचा दरोडेखोर, माणसे मारणारा. तथागतांनी त्यालाही दार बंद केले नाही. आमच्या दारातल्या पोराने तर काहीच केले नव्हते. आपण पंचशील घेताना चोरी न करण्याचे वचन देतो आणि खोटे न बोलण्याचेही देतो. मला वाटत होते, मी तर तोंडातून शब्दही काढला नाही, माझे शील कुठे मोडले? पण काका बोलले तेव्हा मी गप्प राहिलो, आणि ऐकणाऱ्यांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘होय’ असाच घेतला. कालामांना बुद्धांनी सांगितले, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले आहे म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा. हे मी दहा व्याख्यानांत सांगितले असेल. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा जाजमसुद्धा तपासले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या दोस्ताला घेऊन मी त्या मुलाकडे गेलो. तो एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायचे काम करतो. सुट्टी झाल्यावर बाहेर आला. मी खिशातून किचेन काढून दाखवले आणि म्हणालो, “बाळा, किल्ली जाजमात होती. माझी चूक झाली.”

तो म्हणाला, “मला कुणी काय बोललं नव्हतं काका.”

मी म्हणालो, “मग येणं का बंद केलंस?”

थोडा वेळ तो पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, “सगळे बघत होते. तुम्ही पण बघत होता.”

बंधू-भगिनींनो, मला तिथे दुसरा शब्द सुचला नाही. मी त्याची माफी मागितली. आम्ही तिघांनी टपरीवर चहा घेतला. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मी सर्वांसमोर उभा राहिलो आणि झाले ते सांगितले. काकांचे नाव घेतले नाही, कारण चूक फक्त त्यांची नव्हती. काकांनीच नंतर हात वर केला आणि म्हणाले, “पहिला शब्द माझा होता.” सत्तरी उलटलेल्या माणसाने चारचौघांत असे म्हणणे सोपे नाही.

तो मुलगा दोन रविवारांनी परत आला. आता नेमाने येतो. मागे बसतो, ऐकतो, कधी प्रश्नही विचारतो. पण वाचन संपले की पूर्वीसारखा जाजमाला हात लावत नाही. एकदा मीच म्हणालो, “ये रे, एक टोक धर.” तर हसून म्हणाला, “नको काका. परत काय हरवलं तर?”

सरदारजींनी माझ्या कुलपाची किल्ली पंचवीस मिनिटांत केली. या पोराच्या मनाला आम्ही जे कुलूप घातले, त्याची किल्ली करायला किती दिवस लागतील मला सांगता येत नाही. ठसा पाहायचा, तेवढेच घासायचे, पुन्हा घालून पाहायचे, एवढी चिकाटी ठेवावी लागेल. हिसका देऊन ते उघडणार नाही. सध्या दर रविवारी जाजम मी आणि काका मिळून गुंडाळतो.

तर वाचकहो, गाडीला आजच दुसरी किल्ली करून घ्या. नंबर वहीत लिहा, कागद एका पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे ते घरात सांगून ठेवा. आणि कधी काही हरवलेच, तर आधी आपला खिसा तपासा, मग बसलेली जागा तपासा, मग जाजम झटका. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा पत्ता आणि जात तपासू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!